यंत्रमानवावर शिंपडलेलं पाणी

पौड, शनिवार, डिसेंबर १९८१

प्रदर्शनात आमच्या मुलींचा यंत्रमानव हललाच नाही. तेलाचा डबा, खेळण्यातली मोटर, टॉर्चचे सेल. दोन महिने खपल्या होत्या पोरी. परीक्षक यायच्या आधी हेडमास्तरांनी नारळ फोडला आणि पाणी थेट त्याच्यावर शिंपडलं. ते पाणी!

त्याआधीच त्या पोरींतली शबाना कळवळली होती, "बाई, पानी नगा टाकू दिऊ, आत वायरी उघड्या हायेत." मी डोळे वटारून तिला गप्प केलं होतं.

"मुलींनी रांगोळ्या काढाव्यात," परीक्षक हसले. जिल्ह्याची स्पर्धा हुकली. वायरी सुकल्यावर तो चालला, पण तोवर त्यांची जीप गेली होती.

तिच्याऐवजी गटातली सुमन बोलली असती, तर मी ऐकलं असतं. पूजेत मुसलमानाच्या मुलीनं मध्ये बोलावं, हेच मला खुपलं. आणि शेवटी शबानाच मला म्हणत होती, "बाई, रडू नगा."