धाकट्या कपवाल्यांचा डावा बॅक

अण्णा, परवा फुटबॉलच्या सुपर कपची मॅच झाली. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ही मॅच आली की मी निकाल कानावर पडू देत नाही. ते तुमच्या आठवणीनं नाही, हे आधीच सांगून टाकते. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी सकाळपासून जो तो स्कोअर सांगत सुटला होता. मी कानात हेडफोन घालून बसले आणि घरी येऊन जेवताना रेकॉर्डिंग बघितलं, अगदी तुमच्यासारखं.

तुमचा नियमच होता तो. पीण्याच्या कारखान्यात पहिली पाळी, म्हणून मॅचच्या वेळी तुम्ही झोपायचात आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर बघायचात. तोवर घरात कुणी निकाल उच्चारायचा नाही, पेपर घडी घालून फ्रिजवर. आई विचारायची, हा कप तरी कसला? मग तुम्ही उप्पीट खाता खाता सांगायचात, युरोपात क्लबांचे दोन कप, एक थोरला, एक धाकटा. दोघांच्या विजेत्यांची वर्षातून एकदा गाठ घालतात, धाकट्याला त्याची जागा दाखवायला. आणि तुम्ही कायम धाकट्याकडून. संघ कुठला, गाव कुठलं, काही देणंघेणं नाही. बहुतेक वेळा ते हरायचे, आणि मग त्या संध्याकाळी भाजीत मीठ जास्त असायचं, माझं अक्षर घाण असायचं.

याचं कारण मला मामानं सांगितलं, तुम्ही नाही. तुमच्याच कारखान्यात फिटर तो, त्यानं सगळं बघितलेलं. तुमच्या कारखान्याचा संघ लीगचं बी डिव्हिजन जिंकला होता आणि ए डिव्हिजन जिंकणाऱ्यांशी तुमची अशीच गाठ पडली होती. बरोबरी चाललेली. शेवटच्या मिनिटाला तुम्ही, डावे बॅक, गोलकीपरकडे परत पास दिलात, तो कमी पडला, आणि त्यांच्या फॉरवर्डनं तो पळवून गोल मारला. परतताना टेम्पोत तुमच्याशी कुणी बोललं नाही. "तेव्हापासून अण्णा असे," मामा म्हणाला. त्याला वाटलं मला तुमची दया येईल. मला संताप आला. म्हणजे बाराव्या वर्षी शाळेच्या मॅचमध्ये मी पेनल्टी बाहेर मारली, तेव्हा कसं वाटतं हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. माहीत असून तुम्ही मैदानात आलात, सगळ्या मुलींसमोर मला खाली बसवलंत, आणि वाढदिवसाला तुम्हीच आणलेले बूट माझ्या पायांतून ओढून काढलेत. "हिला बूट कशाला? स्वल्प तरी लाज पाहिजे." बनशंकरीतल्या त्या मैदानापासून घरापर्यंत मी मोज्यांवर चालत आले. बूट शेजारच्या पोरीला दिलेत. ती आपल्या दारावरून ते घालून जाते आहे आणि तुम्ही तिला शाब्बास म्हणता आहात, हे मी खिडकीतून बघते आहे. मी पुन्हा चेंडूला पाय लावला नाही.

मग तुमचं शेवटचं आजारपण. वॉर्डात टीव्ही नव्हता. आठ दिवस तुमचा एकच धोशा, मॅच कधी, यंदा धाकटे जिंकणार. त्या सकाळी बसमध्ये मी मोबाइलवर बघितलं. जिंकले होते, तीन-एक. मी कॉटपाशी आले तर तुम्ही मान उचलायला धडपडत होतात. "काय झालं गं?"

"हरले," मी म्हणाले.

तोंडातून निसटलं वगैरे काही नाही. जिना चढतानाच माझं ठरलं होतं.

"कसे?"

"शेवटच्या मिनिटाला. डाव्या बॅकनं गोलकीपरकडे परत पास दिला. कमी पडला."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, वर पंख्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता ओळखाल. तुम्ही विचारलंत, "त्या पोराला कुणी काही बोललं का?"

"सगळेच बोलले. टीव्हीवर सारखं तेच दाखवतायत."

"सरी, ठीक आहे," तुम्ही म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. मी बाहेर जाऊन कॉफी प्यायले, बरोबर एक बनही खाल्ला. मला भूक लागली होती.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. आई अजून म्हणते, शेवटी ह्यांना कसली तरी रुखरुख लागली होती, तुला काही बोलले का? मी नाही म्हणते. हे पत्रही तिला दाखवणार नाही, कुणालाच नाही. पण एक आहे. हरले म्हणाले त्याच दिवशी दुपारी तुम्हाला खरं सांगायचं म्हणून मी परत आले होते, तीन-एक हे शब्द तोंडात घेऊन. तुम्ही जागेच होतात. म्हणालात, "त्याच्या घरच्यांनी त्याला जवळ घ्यायला पाहिजे गं. पोरगं आहे, चुकतं." डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. मी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "त्याला संघातून काढलं, अण्णा." जो जन्मालाच आला नाही, त्या पोराचा मला इतका हेवा वाटला.