ट्रॉलीची पिन

ता. १४ मार्च, मंगळवार सकाळ

ती. दादा,

नमस्कार. वाकून करायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा हा उभ्यानेच घे. मी बरी आहे, माश्या बऱ्या आहेत, छप्पर गळत नाही. वहिनीच्या खोकल्यासाठी गडद मधाची बाटली पाठवतेय. ती तुझ्या हाती लागू द्यायची नाही असं तिला सांग.

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा चिडले. ‘बासष्टाव्या वर्षी पुन्हा एटीव्ही घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पेट्या व्यापाऱ्याला देऊन टाक आणि आमच्या मागच्या खोलीत येऊन राहा, खोलीला खिडकी आहे.’ खिडकी आहे! दादा, मी काय कुंडी आहे, खिडकीत ठेवायला? मधमाश्यांच्या चाळीस पेट्यांचा कारभार करत आलेय मी. फुलं वरच्या उतारावर येतात, तिथे साधी गाडी चढत नाही, एटीव्हीसारखी चार चाकांची डोंगरी फटफटीच लागते. ह्यांच्या मागे तीन वर्षं मी एकेक पेटी पाठीवर बांधून नेतेय. नेववतात तेवढ्या जातात, बाकीच्या घरामागे अर्धपोटी बसतात. माझं वय तुला पाठ आहे, पाठीचं वय विचारू नकोस.

तर सांगायचं म्हणजे, गाडी घेतली. अंगणात उभी आहे. परवानगीचा प्रश्न मिटला.

दहा पेट्या विकल्या. तेवढ्या पैशांत नव्या गाडीची चार फुगीर चाकं आणि फार तर हँडल आलं असतं, म्हणून जुनीच शोधली. तीन पाहिल्या. कशा पाहिल्या ते सविस्तर लिहिते, कारण तू कितीही फुगून बसलास तरी हे वाचल्याशिवाय राहणार नाहीस.

पहिली एका रंगाऱ्याकडे होती. लालभडक, चकचकीत. मी आधी इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. तुझ्या शेडमध्ये मी परकरात लुडबुडत असायचे तेव्हा तूच शिकवलं होतंस, की जुनी गाडी बघायला गेलं की पहिल्यांदा इंजिन चाचपायचं. गरम असेल तर समजावं, गार असताना ती उठत नाही, म्हणून मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे.

“आत्ताच एक चक्कर मारून आणली, मावशी,” रंगारी म्हणाला.

“चक्कर मारली आणि चाकाला धूळसुद्धा नाही?”

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “काका येतील का बघायला? त्यांच्याशी बोलतो मी.”

“काका येत नसतात,” मी म्हणाले आणि निघाले.

दुसरी जुन्या गाड्यांच्या दलालाकडे. माणूस गोड, गाडी खोटी. पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं तर खडखडा वाजलं. हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं तर आत वाळलेला चिखल. “ही पाण्यात बुडाली होती का हो?” मी विचारलं. “थोडीशी,” तो म्हणाला. थोडीशी बुडाली! त्याचं त्यालाच हसू आलं. मग लगेच, “काकू, तुमचं बजेट सांगा, बसवू आपण.” मी म्हटलं, “पैसे कमी आहेत, अक्कल पुरेशी आहे.” तरी चहा प्यायले त्याच्याकडे. चहा चांगला होता.

तिसरी गाडी जमिनी मोजणाऱ्या एका बाईंची. निवृत्त झाल्यात. गाडीचं रूप काय वर्णावं! एक दिवा फुटका, सीटला ठिगळ, आणि मूळ रंग हिरवा होता की करडा यावर आमचं दोघींचं एकमत झालं नाही. पण इंजिन गार होतं. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं, धूर नाही, चाकं घट्ट. मग मी जमिनीवर आडवी झाले आणि खालून सांगाडा पाहिला.

मागच्या बाजूला वेल्डिंगचा एक जोड होता. मी तो पाहताक्षणी ओळखला. सगळे जण काठाशी आले की थांबतात. तू थांबत नाहीस, अर्धं बोट मागे येऊन मग हात उचलतोस. शेवट तडकू नये म्हणून. एवढा धीर दुसऱ्या कुणाच्या हातात मी पाहिलेला नाही.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “नऊ वर्षांपूर्वी सांगाडा मोडला होता. पत्र्याच्या शेडमधल्या एका माणसाने जोडून दिला. दगडांवरून गाडी घातली म्हणून मला इतकं बोलला, इतकं बोलला, की शेवटी मीच त्याची माफी मागितली.”

“तोच तो,” मी म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी ती गाडी दगडांवरूनच चालवली, आणि जोडाला केसाएवढी चीर नाही. मी मात्र खालून लवकर उठले नाही. बाईंना वाटलं काहीतरी बिघाड सापडला. त्यांनी हात देऊन उठवलं, तेव्हा माझा चेहरा पाहून त्यांनी न मागता किंमत उतरवली. मी ती उतरवू दिली. एवढी काही मी साधी नाही.

आता मूळ गोष्ट. दोन पानं झाली, मी तिच्याभोवती फिरतेय.

हे गेले त्या दिवशी आमची जुनी एटीव्ही खड्ड्यातून वर काढली. ट्रॉली अडकवायला तू मागे जोडून दिलेला हुक वाकला होता, त्याचा जोड तडकला होता. तू त्यावरून बोट फिरवलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “माझ्या हाताने गेला तो.” मी तुझ्यापासून दोन पावलांवर उभी होते. काही बोलले नाही. लोक म्हणाले, दुःखाने बाईची वाचा गेली. वाचा शाबूत होती, दादा.

तुझा जोड खड्ड्यात आपटल्यावर तडकला. त्याच्या आधी, वर वळणावरच, ट्रॉली सुटली होती. कारण ट्रॉली अडकवायची पिन त्या दिवशी जागेवर नव्हती, मी घातलेला साधा बोल्ट होता. आदल्या दिवशी एका पेटीची चौकट चिकटून बसली होती. माश्या फटी बुजवायला डिंक आणतात, तो वाळला की लाकूड सुटत नाही. पटाशी घरी राहिली होती, म्हणून मी ट्रॉलीची पिन उपसली आणि तिने चौकट उचकटली. मग पिन कुठे ठेवली ते विसरले. सकाळी ह्यांनी विचारलं, “पिन कुठंय गं?” मी म्हणाले, “बोल्ट घातलाय, एका खेपेने काही होत नाही.” ह्यांनी माझं ऐकलं. नेहमीच ऐकायचे.

उताराला भरलेली ट्रॉली सुटून मागून धडकली. तुटलेल्या बोल्टचा तुकडा मला तिसऱ्या दिवशी रस्त्यावर सापडला, खड्ड्याच्या चांगला वर. मी तो पदरात बांधला आणि घरी आले.

उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. मग तू शेडला कुलूप लावलंस, इकडे येणं सोडलंस, आणि मला ते सोयीचं पडलं. लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते: तू स्वतःला दोष देत होतास, तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं. वहिनी लिहायची, की तू दिवसभर एकच रेडिओ उघडतोस आणि परत जोडतोस. मी पत्र घडी करून ठेवून द्यायचे आणि पेट्यांकडे जायचे.

गेल्या महिन्यात विकायच्या दहा पेट्या रिकाम्या करून घासत होते. सातवीच्या तळाशी, कोपऱ्यात, पिन होती. मी आतच विसरले होते. माश्यांना ती बाहेर काढता येईना, म्हणून त्यांनी तिच्यावर डिंकाचा थर चढवून ती तळाला पक्की चिकटवून टाकली होती. पटाशीने काढावी लागली. मी तिथेच मातीत बसले आणि मोठ्याने रडले. ऐकायला माश्याच होत्या.

आता हवं तेवढं रागव. दोन वर्षं बोलू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण शेड बंद ठेवायचा हक्क तुला नाही. त्याचं कारण मी आजपासून काढून घेतलंय, ते माझं आहे, माझ्याकडेच राहील. आणि माझ्या हातून एक चूक झाली म्हणून मी खिडकीच्या खोलीत येऊन बसणार नाही. मी चढ चढणार. ह्यांच्या चाळीसांतल्या तीस पेट्या उरल्यात, त्या या वर्षी फुलांवर जाणार म्हणजे जाणार.

एकच अडचण आहे. या गाडीला मागे हुक नाही. चौकातला वेल्डर स्वतःहून आला होता, मी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. उतारावरची फुलं तीन आठवड्यांत उमलतील.

पिन या पत्रासोबत पाठवतेय. डिंक मुद्दाम खरवडला नाही, तू स्वतः बघ. येशील तेव्हा तीच आण, दुसरी मी घालणार नाही.

तुझ्या जोडावर बसून फिरणारी,
धाकटी