बाबांच्या लॉरीचा पोचा

रविवार, भिसेगाव

बाबा पूर्वी ज्या लॉरीतून गिरणीचा तांदूळ पोचवायचे, तिचं वीतभर पत्र्याचं मॉडेल आज पुरं झालं. जुनी दिसावी म्हणून मी आठवडाभर खपून तिच्यावर रंगाने गंज चढवला होता. बाबांनी ती हातात घेतली, गंजावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "गंज नव्हता गं. रोज धुवायचो मी."

फार वाईट वाटलं. आधी विचारायचं कसं सुचलं नाही मला? त्यांच्यासमोरच बसून टर्पेंटाइनने सगळा गंज पुसला.

"आता बरोबर?"

"डाव्या दाराला पोचा हाय. तुझ्या वेळी आईला दवाखान्यात नेताना घाईत फाटकाला घासली. मालक म्हणाला, ठोकून घे. मी नाय घेतला."

मी चमच्याच्या दांड्याने दार हळूच दाबलं.

"अजून थोडा खोल," बाबा म्हणाले.