चोरचोळी

लासुर्णे,
दि. १२-८-२०२४

ति. सौ. माधवीताईस, प्रगतीचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला म्हणशील. हितं माझा फोन स्पीकरवर लावून घरभर ऐकतात. आपले आबा निमगावच्या बाजारातून बारामतीला परतताना चहाला टेकलेत, त्यांच्या पिशवीत हे घालते. त्यांना काही कळू देऊ नकोस. तू शिवलेली हिरवी चोरचोळी त्यांनीच आणून दिली, तेव्हापासून माझ्याकडं बघून गालात हसतात.

ताई, राहिलं नाही गं. इंदापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोनोग्राफीत ठोके नाहीत. मग अंगावरून गेलं, पण सगळं गेलं नाही, पिशवी साफ करावी लागेल. सासूबाई म्हणतात, तिसरा सरेपर्यंत सांगायचं नसतं म्हणून आपण कुणाला बोललोच नाही, मग दवाखान्यात निजून गावभर कशाला करायचं? काढ्यानं पडेल. शिवाय एकदा पिशवी खरवडली की परत धरत नाही म्हणे. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आईला विचार.

आज कणकण आहे. भीती वाटते. शंभूच्या आधी तुझंही असंच झालं होतं ना? काय काय करतात ते खरं सांग. चोळी घडी घालून कपाटात आहे, तिसऱ्यात गुपचूप घालायची होती. बघवत नाही.

धाकटीवर माया ठेव.
तुझी प्रगती


बारामती,
दि. १३-८-२०२४

चि. सौ. प्रगतीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आन् तळपायाची आग मस्तकात गेली. कणकण हाय आन् काढा पितीस? ओत तो मोरीत. तुझे दाजी गाडी घेऊन आलेत, आहेस तशी बस आन् हे वाटेत वाच. तू पोचशील तवा मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. सासूबाई नको म्हणाल्या, तर मी येऊन उंबऱ्यावर बोलीन. माझा आवाज किती लांब जातो ते तुला ठावं हाय.

आता ऐक. काही खाल्लं असलं तर खरं सांग, भूल रिकाम्या पोटी देत्यात. पिशवीचं तोंड मऊ व्हायला गोळी देत्यात. मग हाताला सुई, अंक मोजायला सांगत्यात, मी सातावर झोपले. बारक्या नळीनं राहिलेलं ओढून घेत्यात. चिरायचं न्हाय, टाका न्हाय, पाव तासाचं काम. उठल्यावर पाळीसारखं पोट दुखतं, रडू येतं. रड खुशाल. रक्तगट विचारतील, निगेटिव्ह असला तर एक इंजेक्शन. घरी आल्यावर आठ-दहा दिवस थोडं थोडं जातं. पण तासाला पॅड भिजलं, घाण वास आला, न्हायतर परत ताप चढला, तर कुणाला विचारत बसायचं न्हाय, तडक दवाखाना. रक्त थांबेपर्यंत नवऱ्याला लांब ठेव.

परत धरत न्हाय म्हणे! शंभ्या हितं माझ्या मांडीवर बसून ह्याच कागदावर रेघोट्या मारतोय, बघ. आन् तुझं काही चुकलं न्हाय. हंडा उचलल्यानं न्हाय, पपई खाल्ल्यानं न्हाय. बीजच धड नसतं बहुतेक वेळा, असं माझी डॉक्टरीण म्हणाली व्हती.

जिवाला जप, माझ्यासाठी तरी.
तुझी ताई


लासुर्णे,
दि. १६-९-२०२४

ति. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसंच सगळं झालं, मी नवावर झोपले. एक तेवढं तू सांगितलं नव्हतंस. शेजारच्या खाटेवर बाळंतीण असते, तिची माणसं पेढे वाटतात आणि आपल्याही हातावर ठेवतात. मी खाल्ला.

परवा पाळी आली. अंग बरं आहे. बाकी काय सांगू? दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी परात पुढं सरकवली; निजून राहिले तर शेजारी विचारतील ना! कुणी मेलं की चार माणसं दारात येऊन बसतात. माझ्याकडं कोण येणार, कुणाला माहीतच नव्हतं. हे म्हणतात, विसर आता. या घरात आठवण काढलीय कुणी, ताई, विसरायला?

धाकटी जाऊ प्रतिक्षा पुण्याहून गौरी-गणपतीला आली ती अजून हितंच आहे. तिला दिवस गेलेत. काल सासूबाईंनी माझं कपाट उघडून चोळी काढली. मी बघत राहिले, तर म्हणाल्या, तू कुठं घातली होतीस, कोरी तर आहे. प्रतिक्षाला ती बसेना, अंगानं भरलेली आहे ना. मग मलाच सांगितलं, बहिणीकडून सैल करून आण. सोबत पाठवते. प्रतिक्षावर रागावू नकोस, तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

आबा ओसरीवर आहेत. पिशवीत ठेवताना त्यांनी चोळी पाहिली. घट्ट व्हायला लागली का, म्हणाले, आणि हसू दिसू नये म्हणून मिशीवरून हात फिरवला. मी हो म्हणाले.

वाटभर हसू दे त्यांना. घरी पोचले की तूच सांग.

तुझ्या मायेची,
प्रगती