पागेतले वाचनालय आणि काळी गाय

महाल, नागपूर
१४ सप्टेंबर १९७३

चि. कृष्णकांत यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, या खेपेला जरा हात राखून.

तुझ्या सासूबाई प्रयागबाई यांनी साऱ्या रामटेकात सांगितले आहे की चारुशीलाने म्हातारपणी गुरे राखायला घेतली. म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. तुझा गुडघा कसा आहे? गडाच्या पायऱ्या चढू नकोस असे मी बजावले होते, म्हणजे तू चढलाच असशील. चि. सौ. लतिका आणि मुले खुशाल असावीत. आता मुद्द्यावर येते.

महालातली ती दगडी पागा तुला आठवत असेल. लहानपणी तिच्या कमानीखाली तू भोकाड पसरून उभा होतास (कारण लिहीत नाही, लतिका पत्र वाचते). भोसल्यांच्या वेळी तिथे घोडे होते. घोडे गेले आणि इंग्रजांनी तिथे कोंडवाडा केला. मोकाट जनावर आणून डांबायचे आणि मालकाने दंड भरून सोडवायचे. पुढे लढाईच्या दिवसांत अर्ध्या भागात रेशनचे धान्य आले. ते जाऊन जमाना झाला, पण शालिकराम नावाचे एक आजोबा अजून पिशवी घेऊन येतात आणि मलाच विचारतात, "साखर आली काय वं बाई?" नाही म्हटले की ओसरीवर पेपर वाचत बसतात. त्यांना मी आमचे पहिले वाचक धरले आहे. या पागेचा अर्धा भाग आमच्या महिला मंडळाला वाचनालयासाठी मिळाला, तो मी कचेरीच्या जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून. अट एकच. दसऱ्यापर्यंत वाचनालय नीट चालताना दिसले नाही तर जागा आगीच्या बंबाच्या जुन्या नळ्या ठेवायला जाणार. मी बी.ए.ला असताना (वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, हे तुला पाठ आहे) कॉलेज सुटल्यावर वाचत बसायला मुलींना जागाच नव्हती. मुलगे वाचनालयात बसत आणि आम्ही जिन्याखाली. तेव्हापासून मला अशी एक खोली हवी होती. ती आता नळ्यांना देणार नाही.

कपाटे नव्हती. पण भिंतीला लागून दगडी गव्हाणी होत्या, आणि पुस्तके त्यांत अशी चपखल बसली की भोसल्यांच्या गवंड्याने आम्हाला डोळ्यांपुढे ठेवूनच त्या घडवल्या असे वाटावे. (मंडळातल्या बायकांनी माझे कौतुकही केले. ते फार टिकले नाही.) आमच्या लेखी ती कपाटे झाली. गाईच्या लेखी गव्हाण ती गव्हाण. वाचनालय उघडल्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी पाहते तो आत एक काळी गाय उभी, आणि पाककृतींचे पुस्तक अर्धे तिच्या पोटात. तिखटाचे पदार्थ सगळे गेले, गोडाचे तेवढे उरले.

गाय आणली होती कोंडवाड्याच्या जुन्या राखणदाराने, धोंडबाने. मी त्याला फैलावर घेतले. तो जागचा हलला नाही. म्हणतो, "बाई, तुमचं वाचनालय उघडल्याचा कागद आला. कोंडवाडा बंद झाल्याचा कुठी आला? मले तो दाखवा, मी आत्ता दावं सोडतो." कोंडवाडा बंद करण्याचा अर्ज घेऊन कचेरीत गेले, तर पुस्तकांचा साहेब वेगळा आणि गुरांचा वेगळा, आणि त्या दोघांचे बोलणे बंद. म्हणजे कागदावर दोन्ही खरे होते.

मग मनकर्णा नावाची दूधवाली तिची म्हैस सोडवायला आली. दंडाचे पावतीपुस्तक संपलेले. फुकट सोडणे मला मान्य नाही (शिस्त गेली की सगळे गेले), म्हणून दंडापोटी मी तिला गोष्टीच्या पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला लावले. शाळा सुटल्यापासून तिने पुस्तक हातात धरले नव्हते. घाम फुटला, पण पान संपवले. मग म्हणाली, "पुढं काय झालं वं बाई?" मी म्हटले, म्हैस घे आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी म्हैस पुन्हा हजर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. धोंडबाला झापले, तर तो म्हणतो, "मी कुठी धरली? तीच हाकलून आणून राहिली!" मनकर्णेला उभे करून विचारले. ती पदर चावत म्हणाली, "सासू म्हणते, वाचाले काहून जातं? तिथं काय दूध निघते? पन म्हस सोडवाले चालली म्हटलं त तिच्या तोंडून शब्द निघत नाही."

आता दुपारी अंगणात गुरे आणि आत त्यांच्या मालकिणी, असे चालते. जिला वाचता येते ती वाचते, बाकीच्या ऐकतात. काळी गाय खिडकीतून मान आत घालून ऐकते. तिचा मालक आलाच नाही.

परवा कचेरीचे साहेब तपासणीला आले. दारातच शेणात पाय पडला. आत मनकर्णा अडखळत वाचत होती आणि एक बाई डोळे पुसत होती. साहेब म्हणाले, "बाई, हे वाचनालय आहे की गोठा?" मी म्हटले, दोन्ही कागद तुमच्याच कचेरीचे आहेत, निवड तुम्ही करा. ते बराच वेळ उभे राहून ऐकत होते. (पान संपेपर्यंत हलले नाहीत, हे मी पाहिले.) शेवटी म्हणाले की गुरे अंगणात चालतील, पण गव्हाणीतली पुस्तके चालणार नाहीत. निदान एक कपाट हवे आणि ती बेवारस गाय हलवायला हवी, दसऱ्याच्या आत. म्हणजे जागा जवळपास राहिलीच म्हणायची. कोंडवाडा बंद करण्याचा तो अर्ज मी मागे घेतला आहे.

तुझी ताई,
चारुशीला

ता. क. बाबांचे काचेचे सागवानी कपाट तुझ्या माजघरात आहे. त्यातून त्यांची पुस्तके गेली, तुझे धानाचे बियाणे आले, बियाणे गेले आणि लतिकाची लोणची आली. आता पुन्हा पुस्तकांची पाळी. बरण्या उतरवून ठेव.

ता. क. आणखी एक. विचार करून कळवण्याची तसदी घेऊ नकोस. तुमच्याकडून धान घेऊन येणारा ट्रक इकडून रिकामाच परततो, म्हणून धोंडबा त्यात बसून हे पत्र घेऊन आला आहे. पुढच्या खेपेला तो कपाट घेऊनच परत येईल. तोवर त्याला भाताबरोबर पातळ वरण नको, घट्ट लागते.

ता. क. शेवटचा. प्रयागबाईंना सांग की त्या म्हणतात ते खरे आहे.

धोंडबाच्या हस्ते दिले: काळी गाय एक, गाभण, दाव्यासह. पाककृतींच्या पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग. कोणी मोठ्याने वाचल्याशिवाय गाय चाऱ्याला तोंड लावत नाही, तरी सकाळ-संध्याकाळ एकेक गोड पदार्थ वाचावा. गाय मिळाल्याची आणि पहिले पान वाचून दाखवल्याची, अशा कृष्णकांतच्या दोन सह्या धोंडबाने घेऊन याव्यात.