आजोबा दबा धरून फिरले

ता. ३ मार्च

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे, नोकरी मात्र सुखरूप नाही. हसायचं नाही असं कबूल करा आणि मगच पुढे वाचा.

आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक घड्याळजी आजोबा आहेत. रोज सकाळी हात पाठीमागे बांधून व्हरांड्यात फेऱ्या मारतात. आम्हा नर्सना प्रत्येकाची नोंद इंग्रजीत लिहावी लागते. 'वॉक' लिहून लिहून वीट आला, म्हणून खिशातल्या छोट्या डिक्शनरीत 'प्राउल' म्हणजे फिरणे असं पाहिलं आणि ऐटीत लिहून टाकलं, की आजोबा सकाळभर बायकांच्या वॉर्डासमोर प्राउल करत होते. थोड्याच वेळात रखवालदार येऊन त्यांच्या खाटेशी उभा राहिला! प्राउल म्हणजे सावजाच्या मागावर दबा धरून फिरणं, हे मोठ्या सिस्टरांनी मला सगळ्यांदेखत समजावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा मात्र खूश आहेत, स्वतःला वाघ म्हणवून घेतात.

महिनाअखेरीपर्यंत नोंदी सुधारल्या नाहीत तर मला कायम करणार नाहीत, असं सिस्टर म्हणाल्या. मामा, मला हे काम फार आवडतं हो. मला परत यायचं नाहीये. तुम्ही दुकानात दिवसभर लोकांच्या पायांत जोडे चढवता आणि गिऱ्हाईक नसलं की डिक्शनरी वाचत बसता. काहीतरी करा.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि इतका हसलो, की गिऱ्हाईक एकाच पायात जोडा घालून माझ्याकडे बघत राहिलं. न हसण्याचं मी कबूल केलं नव्हतं.

डिक्शनरी पाठ करू नकोस, घरातली माणसं डोळ्यांसमोर आण. दुपारी माझी झोप मोडू नये म्हणून तुझी मामी टाचा उचलून चवड्यांवर चालते, ते टिपटो. मग स्वयंपाकघरात झाकण पाडते, तो भाग वेगळा. मी तशीच पावलं टाकत साखरेच्या डब्याकडे जातो, ते स्नीक. पावलं तीच, फक्त मनात चोर. मामी पकडते आणि मी मान खाली घालून भिंतीच्या कडेने सटकतो, ते स्लिंक. तुझे बाबा पेपर आणायला म्हणून निघतात, रमतगमत गावभर हिंडतात आणि पेपर न घेताच परत येतात, ते स्ट्रोल. आजी सपाता फरफर घासत येते, पाऊल जमिनीवरून उचलतच नाही, ते शफल. तुझ्या चालीला शब्द सापडला नाही, कारण तुला चालताना मी कधी पाहिलंच नाही. पळतेस तरी, नाहीतर धडपडतेस तरी!

एवढंच कर, आधी माणसाकडे बघ आणि मग शब्द शोध. तू उलटं केलंस, म्हणून आजोबांचा वाघ झाला.

थट्टा करतोय खरा, पण तुझ्या काळजीने घास गोड लागत नाही. कायम झालीस तर कळव, नाही झालीस तरी कळव. वेळेवर जेव, असं मामी तीनतीनदा सांगते आहे. आठवणीत ठेव आम्हाला.

तुझा,
मामा


ता. २७ मार्च

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

आता मी वॉर्डात शब्दांऐवजी पाय बघत बसते. हिचं काही हरवलंय का, असं सफाईवाल्या मावशींनी विचारलंसुद्धा.

गेल्या आठवड्यात आजोबा नेहमीसारखे फेऱ्या मारत होते. बरं वाटतंय, म्हणाले. पण मला एकदम आपल्या आजीची चाल आठवली. हात पाठीमागेच होते, पण डावा पाय फरफटत होता. मी लिहिलं, की आजोबा आज स्ट्रोल करत नाहीत, शफल करत आहेत, डावा पाय उचलला जात नाही. आणि तो कागद धावत सिस्टरांकडे नेला. त्यांनी तो वाचला आणि डॉक्टरांना फोन लावला. मेंदूत रक्ताची गाठ धरत होती. वेळेवर कळलं म्हणून आजोबा वाचले, मामा! आज ते उठून बसले आणि वाघ अजून म्हातारा झालेला नाही, असं सांगत होते.

दुपारी सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं. मी कायम झाले. हे शब्द कुणी शिकवले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या मामांनी. आणि तिथेच रडायला लागले.

तुमच्या दोघांच्या पाया पडते. असेच रागवत, चिडवत राहा.

तुमची,
भिंगरी


ता. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी देवासमोर बसली ती उठेचना. मी दुकान उघडंच टाकून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. इस्त्रीवाल्याला सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, ओळखदेख नसलेल्या एका पोस्टमनलाही सांगितलं. मामी म्हणते, पुरे करा, लोक हसताहेत.

एक शब्द तुला द्यायचा राहिला होता, स्ट्रट. छाती पुढे काढून, मान ताठ ठेवून, सगळ्यांनी आपल्याकडे बघावं अशा थाटात चालणं. आपल्या घरात तशी चाल कुणाचीच नव्हती, म्हणून लिहिला नाही. कालपासून माझी आहे.

आजोबांना माझा नमस्कार सांग. तुझ्यावर जीव आहेच, तो तुलाही ठाऊक आहे.

तुझा,
मामा