नजम्यातलं घर

दोहा, शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०२१, सकाळी साडेनऊ. नव्या घरात पडद्याची दांडी बसवून लिहायला बसलो.

ती. आप्पांस,

मोनालीचा व्हिसा आला. "चांगली वस्ती असेल तरच लेकीला पाठवीन," असं तुम्ही बजावलंत. नजमा गर्दीचा भाग आहे, एकट्या पुरुषांच्या खोल्या फार, हे मी लपवत नाही. ओल्ड एअरपोर्ट भागात आपली मराठी कुटुंबं राहतात, पण तिथं गाडीशिवाय पान हलत नाही.

मोनाली फोनवर म्हणाली, "अहो, इथं बाजारात जायलाही आप्पांना विचारावं लागतं. तिथंही तुमची वाट बघत दारातच बसू का?"

नजम्यात भाजी, दवाखाना, बस सगळं पायी जवळ आहे. पुढच्या वर्षी इथं होणाऱ्या फुटबॉल वर्ल्ड कपमुळे भाडी चढताहेत, म्हणून थांबलो नाही. घर घेतलं.

हे पत्र पाठवत नाही. वस्ती कशी आहे, ते तीच इथं पायी फिरून बघेल आणि तुम्हाला कळवील.

आपला जावई,
हर्षल